१५००डी ला कुठली लेन्स घेऊ? मिरवणूक, हलशी आणि गोकाकातली एक सेकंडहँड सिग्मा

शहापूर_गल्लीतला

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, शहापुरात एका साडीच्या दुकानात हिशेब बघतो, फोटोचा नाद दोन वर्षांपासूनचा. कॅमेरा कॅनॉन १५००डी, त्याच्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स (१८ ला जास्त मावतं, ५५ ला लांबचं जवळ येतं), दुसरं काही नाही. यंदा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर फिरलो, गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामलिंगखिंड गल्ली सगळीकडं, पहाटे साडेचारला घरी येऊन कार्ड लावून बघतोय तर निम्म्याहून जास्त फोटो हललेले. लेझीम खेळणाऱ्या पोरींचे हात म्हणजे नुसते पांढरे पट्टे, मावळ्यांच्या वेशातल्या बारक्या पोरांचे चेहरे पुसल्यासारखे. रथ मात्र झकास आलेत कारण ते थांबलेले होते.

तर आता लेन्स घ्यायची म्हणून बघूलोय. १८ हजार साठवलेत, त्याच्या वर एक रुपया पण नाही, घरात आधीच बोलणी खाऊलोय. कॅनॉनची ५० एफ/१.८ नवीन घ्या म्हणून व्हिडिओत सगळेच सांगतात. दुसरं म्हणजे गोकाकात एकजण लग्नाचे फोटो काढायचं सोडूलाय, त्याची सिग्मा १७-५० एफ/२.८ आहे, साडेसोळा हजार सांगतोय, बिल नाही, डबा आहे. तिसरं १०-१८ वाइड, कारण हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ आणि किल्ल्यातलं जैन मंदिर कमल बस्ती मला आतून काढायची आहे आणि १८ मध्ये काहीच मावत नाही.

रिव्ह्यू वाचून वाचून डोकं फिरलंय. एका ठिकाणी शार्पनेसला इतके मार्क, दुसऱ्या ठिकाणी तीच लेन्स नापास, वर ते आलेख, रेघा वरून खाली पडतात एवढंच मला कळतंय. आणि जुनी लेन्स हातात घेतल्यावर नेमकं काय बघायचं ते कुणीतरी नीट सांगा की. मी घेणार, बघणार, हो हो म्हणणार आणि घरी येऊन पस्तावणार असं व्हायला नको.

निपाणी_क्लिक

भावा सिग्मा १७-५० डोळं झाकून घे. मी सहा वर्सं लग्नं मारलीत त्या एका लेन्सवर, निपाणी चिकोडी संकेश्वर, हॉल कसला का असंना. एफ/२.८ सगळ्या झूमला राहतंय, तुझी किट ५५ ला गेली की ५.६ होतीया, आणि एफचा आकडा बारका तेवढा उजेड जास्त, म्हणजे चौपट उजेड मिळतोय तुला. ५० एफ/१.८ चांगलीच हाय पण १५००डी चा सेन्सर (फोटो उमटतो ती चिप) बारका, त्याच्यावर ती ८० सारखी होती, म्हणजे कमी मावतंय, गल्लीत मागं सरकायला जागा कुठं हाय? मागं नाला नायतर म्हस.

रिव्ह्यूचं म्हणशील तर पत्रिका जुळली म्हणून संसार चालतोय असं काय नसतंय. हातात घे, चार फोटो मार, बरं वाटलं तर पैसं दे.

आणि एक, ऑनलाइन ५० घेतलीस तर ईएफ लिहिलंय का बघ. आमच्या पाव्हण्याच्या पोरानं आरएफ ५० एफ/१.८ मागवली, स्वस्त दिसली म्हणून, आणि १५००डी वर ती बसंनाच. ईएफ आपल्या आरशावाल्या डीएसएलआरची, आरएफ बिनआरशाच्या मिररलेसची. जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या मिररलेसवर बसती, उलटं होत नाही. डीएसएलआर मध्ये लेन्स बसायच्या कड्यापासून सेन्सर ४४ मिलिमीटर लांब असतोय, आरएफ मध्ये २०, मग ती लेन्स आरशाच्या पार आत घालायला पायजे, कशी घालणार?

अनगोळ_नाका

१८ हजारात आपला बेळगावी कुंदा किती किलो येतोय बघ आधी. गंमत केली. मी पण वाचूलोय, कारण माझी पण किट लेन्सच आहे.

मलप्रभाकाठ

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी देवळं काढते. शहापूरवाल्या, घाईनं काही घेऊ नकोस. आधी मला दोन गोष्टी सांग. मिरवणुकीतले फोटो कॉम्प्युटरवर उघड, प्रॉपर्टीमध्ये फोकल लेंग्थ लिहिलेली असते, त्यातले किती १८ ते २४ च्या मधले आहेत आणि किती ५५ चे, मोजून सांग. आणि जे हलले त्यांचा शटर (किती वेळ उघडा), आयएसओ (सेन्सर किती संवेदनशील) आणि एफ (लेन्स किती उघडी) किती होता तेही लिही. कुठली लेन्स हवी ते तुझ्याच फोटोंत लिहिलेलं असतं, व्हिडिओवाल्याला ते माहीत नसतं.

शहापूर_गल्लीतला

ताई रात्री बसून मोजलं. डिलीट न केलेले २१२ निघाले. त्यातले १३१ हे १८ ते २४ मधले, ५५ चे फक्त ३८, बाकी मधलेच कुठंतरी. हललेल्यात बहुतेक १८ ला, एफ/३.५, आयएसओ ३२००, शटर १/३० आणि काहींचा १/२५. मला वाटत होतं मी सगळं झूम करूनच काढतोय. उलटंच निघालं की हे.

मलप्रभाकाठ

बघ आता. लेझीम, ढोल, पळणारी पोरं, यांना थांबवायचं तर १/२५० तरी शटर लागतो, १/३० वरून १/२५० म्हणजे आठपट उजेड जास्त पाहिजे. लेन्सचं स्टॅबिलायझेशन इथं कामाचं नाही, ते तुझा हात धरतं, नाचणाऱ्याचा हात धरत नाही. हे लक्षात ठेव कारण दुकानदार आयएस आयएस म्हणून हेच विकतात.

निपाणीकर चौपट म्हणतात ते खरं आहे पण ५५ च्या टोकाला. तुझे फोटो १८ च्या टोकाचे. तिथं तुझी किट एफ/३.५ ला उघडतेच आहे, सिग्मा २.८ ला उघडेल. ३.५ भागिले २.८, त्याचा वर्ग, दीडपट. म्हणजे १/३० चा १/४५-१/५० होईल. साडेसोळा हजार देऊन लेझीमवाल्या पोरींचे हात पांढरे पट्टेच राहणार, थोडे बारीक पट्टे एवढंच. आयएसओ ६४०० वर नेलास तर १/१००, आणि ते तू आत्ता किट लेन्सवर पण नेऊ शकतोस, १/६० तर फुकटात मिळेल. दाणे दिसतील, दिसू देत, हललेल्यापेक्षा दाणेदार बरा.

एफ/१.४ ची लेन्स असेल तर ३.५ च्या मानानं सव्वासहापट. १/३० चा १/१८०-१९०, आयएसओ थोडा वाढवलास की झालं काम. तुला खरं म्हणजे ५० नको आणि १७-५० पण नको, ३० च्या आसपासची उजेडी लेन्स पाहिजे. सिग्मा ३० एफ/१.४ डीसी एचएसएम आर्ट, २०१३ मध्ये आलेली, कॅनॉन माउंटवाली. सेकंडहँड शोधलीस तर बजेटात बसावी. नावाला फसू नकोस, ३० एफ/१.४ डीसी डीएन म्हणून दुसरी एक आहे ती मिररलेसची, तुला बसणार नाही.

जागेचा पण हिशेब करून ठेवलाय. १५००डी चा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद. चार मीटरचा रथ आडवा पुरा यायला ५० ला नऊ मीटर मागं जावं लागतं, ३० ला साडेपाच, २४ ला सव्वाचार, १८ ला सव्वातीन. रामलिंगखिंड गल्लीत मिरवणुकीच्या रात्री नऊ मीटर मोकळे कुठं मिळणार, लोकांच्या डोक्यावरून का? साडेपाच मीटर कुणाच्या तरी कट्ट्यावर चढून मिळतात. पुरा रथ लागलाच तर किट आहे, रथ थांबलेला असतो, १/३० चालतो.

निपाणी_क्लिक

मॅडम हिशोब बरोबर हाय तुमचा, खोटं कशाला बोलू. पण प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, घेऊन गर्दीत पोरगं अडकतंय हो. एक रथ लांब, एक जवळ, मधीच हलगीवाला नाकाला नाक लावून उभा. झूम लागतीया. आणि एफ/१.४ ला फोकस चुकला की गेलाच फोटो. मला लग्नात अक्षता पडताना दुसरा चान्स नसतोय, म्हणून मी झूमवाला माणूस.

दुसरी गोष्ट कुणी बोललं नाही ती बोलतो. रथावर एलईडी असत्यात, आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची म्हणून स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकत्यात. १/२५० टाकलास तर एक फोटो उजळ, एक काळा, एकाला अर्ध्यात पट्टा. १/१०० नायतर १/५० ला हे होत नाही. म्हणून मी हॉलमधी १/१०० च्या वर सहसा जात नाही, पाव्हणं काय लेझीम खेळत नसत्यात.

मलप्रभाकाठ

एलईडीचा मुद्दा मान्य, मी विसरले होते. १/२५० ला सलग चार-पाच मारायचे आणि बरा निघेल तो ठेवायचा, याहून दुसरा उपाय मलाही माहीत नाही. फोकसचं म्हणाल तर ३० एफ/१.४ ला तीन मीटरवर साधारण अर्धा मीटर खोली शार्प राहते, ५० एफ/१.८ ला तेवढ्याच अंतरावर पाव मीटर. उघडी असून ३० च जास्त सांभाळून घेते. फक्त मधला फोकस पॉइंट वापर रे, १५००डी ला नऊ आहेत पण अंधारात मधलाच धड पकडतो, तो क्रॉस टाइप आहे, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषांवर फोकस धरतो.

खानापूर_रानवाट

मी उशिरा आलो, रानात नेटवर्क नाही. लेन्स कुठली घ्यायची ते तुम्ही ठरवा, पोराने जुनी लेन्स कशी बघायची विचारलंय त्याच्यावर कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मी कणकुंबी, जांबोटी, भीमगडच्या बाजूला पंचवीस वर्षं कॅमेरा घेऊन फिरतोय, आणि लेन्सला बुरशी म्हणजे काय ते आमच्या घाटातल्या माणसाला विचारा. चार महिने पाऊस, कपाटातल्या चपलेला पण पांढरं येतंय. माझी एक जुनी ७०-३०० चामड्याच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलेली, जूनमध्ये ठेवली, दसऱ्याला काढली, आत असं जाळं धरलेलं की कोळ्याला लाज वाटावी. पिशवीच ओल धरून बसलेली. साफ करून आणली तरी काचेवरच्या थराला ओरखडल्यासारखे डाग राहिलेत ते राहिलेतच, सूर्यासमोर धरली की फोटो दुधाळ येतो.

तर पोरा, गोकाकात जाशील तेव्हा खिशात छोटी बॅटरी (टॉर्च) घेऊन जा, मोबाइलची नको, तिचा उजेड फाकतो. दोन्ही बाजूची टोपणं काढ, मागच्या बाजूनं बॅटरी तिरकी मार आणि पुढून बघ, मग उलटं. धुळीचे चार कण दिसणारच, दहा पण दिसतील, त्याला घाबरू नको, फोटोत काही येत नाही. धाग्यासारखं, फांद्या फुटल्यासारखं काही दिसलं की ठेवून दे खाली. सगळी काच धुरकट, काचेच्या पेल्यावर वाफ धरल्यासारखी दिसली तरी नको. पुढच्या काचेवर एखादी बारीक रेघ असली तर चालते, मागच्या काचेवर मात्र नको, ती सेन्सरला जवळ, तिथली खोट फोटोत उतरते.

मग कॅमेऱ्यावर लाव. झूम फिरव, मध्येच अडकतंय का, वाळू चुरचुरल्यासारखा आवाज येतोय का. लेन्स हलकेच हलव, पुढची नळी डुगडुगली तर कधीतरी आपटलीय. फिल्टर लावायच्या कडेला चेपलेलं असलं तर आपटलीय हे नक्कीच. स्क्रूच्या डोक्याला ओरखडे असले तर कुणीतरी उघडलीय, मग विचार कुणी आणि का. एफ/११ वर ठेवून दहा फोटो सटासट काढ, सगळ्यांचा उजेड सारखा आला पाहिजे. कमीजास्त आला तर आतली एफ लहानमोठा करणारी पानं तेलकट होऊन चिकटूलालीत.

आणि घेतल्यावर सांभाळ. पिशवीत ठेवू नकोस. डब्बल रबराचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला की बुरशी वाढत नाही. जेलचा रंग बदलला की मंद तव्यावर भाजून परत घालायचं. तांदळात ठेवा म्हणणाऱ्याचं ऐकू नको, तांदळाची पूड आत जाते. सगळ्यात भारी औषध म्हणजे लेन्स वापरत राहणं आणि पाऊस उघडला की उन्हाच्या उजेडात काढून हवा देणं.

शहापूर_गल्लीतला

अण्णा, हे प्रिंट काढून घेऊन जाणार. ताई ते आलेखाचं पण सांगा की.

मलप्रभाकाठ

आलेखाबद्दल थोडक्यात. आडव्या रेषेवर असतं फोटोच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर, उभ्यावर किती स्पष्ट. जाड रेघ १० ची असते (एका मिलिमीटरात रेघांच्या १० जोड्या), ती कॉन्ट्रास्ट सांगते, बारीक ३० ची, ती बारकावे. ईएफ लेन्सचा आलेख साडेएकवीस मिलिमीटरपर्यंत जातो कारण तो फुलफ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी काढलेला. तुझ्या सेन्सरचा कोपरा मध्यापासून १३.४ वर संपतो. म्हणजे त्याच्या उजवीकडं रेघ दरीत पडली तरी तुला काय करायचंय, तो भाग तुझ्या फोटोत येतच नाही. आणि दोन कंपन्यांचे आलेख शेजारी ठेवून तुलना करू नकोस, कुणी गणितानं काढतं, कुणी खरी लेन्स मोजून. मार्कांचंही तसंच, ते कुठल्या कॅमेऱ्यावर घेतले त्यावर बदलतात. म्हणून तुला एकच लेन्स एका ठिकाणी पास, दुसरीकडं नापास दिसली.

शिवाय मार्क मिळतात ते रिव्ह्यूवाल्याच्या हातातल्या लेन्सला. गोकाकातली लेन्स सहा-सात वर्षं लग्नात आपटत फिरलेली. तिचा पेपर वेगळाच घ्यावा लागेल, आणि पेपर म्हणजे खरंच पेपर.

कालचा पेपर घे, पानं एकमेकांना चिकटव आणि भिंतीला सपाट लाव. मध्यावर हातातला छोटा आरसा भिंतीला चिकटवून धर. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून व्ह्यूफाइंडरमधून बघ, आरशात तुझ्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा भिंतीला समांतर. हे नीट केलं नाहीस तर पुढचं सगळं वाया, आणि तू उगाच लेन्सला दोष देशील. मग आरसा काढ, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर बघणं), दहापट मोठं करून हातानं फोकस, दोन सेकंदांचा टायमर. १७ ला आणि ५० ला, दोन्हीकडं एफ/२.८, ४, ५.६, ८. घरी नाही, तिथंच लॅपटॉपवर बघ. मध्य आणि कोपरा यांची तुलना करायची नाही, कोपरे मऊ असतातच. डावा आणि उजवा कोपरा एकमेकांशी ताडून बघ. चारही सारखे मऊ, चालेल. एकच बाजू वितळलेली आणि एफ/५.६ ला पण सुधरत नसेल तर आतली काच तिरकी झालीय.

दुसरी परीक्षा याहून महत्त्वाची. टेबलावर पाच काडेपेट्या तिरक्या रांगेत उभ्या कर, एकेक दोन-दोन इंच मागं. मधलीवर व्ह्यूफाइंडरमधून मधल्या पॉइंटनं फोकस करून ५० ला एफ/२.८ वर दहा फोटो, दर वेळी फोकस आधी बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूमधून तसेच. लाइव्ह व्ह्यूत मधली काडेपेटी शार्प आणि व्ह्यूफाइंडरमध्ये दर वेळी पुढची किंवा मागची, असं आलं तर लेन्स आणि कॅमेरा जुळत नाहीत. महागड्या कॅमेऱ्यात हे मेन्यूतून दुरुस्त होतं, १५००डी मध्ये ती सोय नाही. सिग्माच्या नव्या आर्ट वगैरे लेन्स यूएसबी डॉकला (लेन्स कॉम्प्युटरला जोडायची चकती) लावून घरी सुधारता येतात, १७-५० ही त्याच्या आधीची, तिला डॉक चालत नाही. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. कॅमेरा स्वतःचाच घेऊन जा, त्याच्या कॅमेऱ्यावर जुळली म्हणून तुझ्यावर जुळेल असं नाही.

अनगोळ_नाका

काडेपेट्या, आरसा, पेपर, बॅटरी. गोकाकच्या बसमध्ये लोक जादूगार समजतील तुला.

निपाणी_क्लिक

मॅडम एवढी तपासणी मी बायको बघताना पण केली नव्हती. पण काडेपेटीची गोष्ट भारी हाय, मला माझी लेन्स कधी तपासायचं सुचलं नाही, उद्याच बघतो. आणि भावा १०-१८ आत्ता घेऊ नको, देऊळ कुठं पळून जात नाही.

मलप्रभाकाठ

कमल बस्तीच्या छतातलं कोरीव कमळ किट लेन्सवर पण येतं रे. विचारून घे, मग कॅमेरा जमिनीवर पाठ टेकवून छताकडं तोंड करून ठेव, १८, एफ/८, आयएसओ १००, दहा सेकंदांचा टायमर लावून बाजूला हो. शटर चार सेकंद झाला तरी हरकत नाही, सन १२०४ पासून ते कमळ हललेलं नाही. हलशीला गाभाऱ्यात हीच पद्धत, फक्त माणसं नसताना.

शहापूर_गल्लीतला

मंडळी काल रविवारी जाऊन आलो. सगळं सांगतो, लांबलंय पण वाचा.

माणूस चांगला होता, चहा पाजला, स्टुडिओ जुना, भिंत रिकामी मिळाली. आधी बॅटरी मारली, बुरशी अजिबात नाही, अण्णा, दोन-तीन धुळीचे कण तेवढे. झूम थोडं सैल, कॅमेरा खाली केला की आपोआप लांब होतंय, पण त्यानं सांगितलं सगळ्याच अशा होतात आणि मला ते पटलं. मग पेपर लावला, आरसा धरायला त्याचाच पोरगा उभा केला. १७ ला उजवा वरचा कोपरा डाव्यापेक्षा मऊ, एफ/२.८ ला बराच, एफ/५.६ ला थोडासा, अक्षरं वाचता येत होती. इथपर्यंत माझं मन घ्यायच्या बाजूनंच होतं, पिशवीत पैसे पण होते.

मग काडेपेट्या. लाइव्ह व्ह्यूत दहापैकी नऊ वेळा मधली. व्ह्यूफाइंडरमधून दहापैकी आठ वेळा पुढची! तो म्हणाला असं असतंच, लग्नात कोण काडेपेट्या काढतंय, मी तर हिच्यावर शेकड्यानं लग्नं केलीत. त्याच्या कॅमेऱ्यावर लावून दाखवली, तिथं बरोबर मधली. म्हणजे लेन्स वाईट नाही, माझ्या कॅमेऱ्याशी तिचं पटत नाही. चौदा हजारापर्यंत उतरला. दोन मिनिटं पाय अडखळला, खरं सांगतो. मग त्याला म्हटलं मामा, तुमची लेन्स कॅनॉनच्याच मोठ्या कॅमेऱ्यावाल्याला द्या, त्याच्याकडं मेन्यूत दुरुस्त होतंय, तुम्हाला पैसे पण जास्त मिळतील. त्याला हे माहीतच नव्हतं, उलट मलाच धन्यवाद म्हटला. गोकाकची मिठाई, पाव किलो करदंट घेऊन परत आलो.

आता कोल्हापुरात एकाकडं सिग्मा ३० एफ/१.४ आर्ट आहे, कॅनॉनची, १७ सांगूलाय. एक दिवस भाड्यानं आधी देतो म्हणालाय, भाडं किमतीतून वजा करायचं. ताई, ही डॉकवर सुधारते म्हणालात ती हीच ना? डॉक मी कुठून आणू, तो पण विकत घ्यायचा म्हणजे माझे पैसे संपले.

मलप्रभाकाठ

हीच. डॉक विकत घेऊ नकोस, प्रत्येक माउंटचा वेगळा असतो आणि माझ्याकडं कॅनॉनचाच आहे. भाड्यानं आणशील त्या दिवशी संध्याकाळी टिळकवाडीत ये, दोघं बसून बघू, काडेपेट्या माझ्याकडं आहेत. दिवसा मात्र एकटाच फिर तिच्यावर, शनिवार खुटावर, भाजी मार्केटात, अंधार पडल्यावर कुठं भजनाला. ३० वर पाय मागंपुढं करायला जमतंय का ते कुठल्या डॉकवर कळत नाही.

खानापूर_रानवाट

आणि कोल्हापूरला जाताना बॅटरी विसरू नको.

निपाणी_क्लिक

माझी तपासली. पाठीमागची काडेपेटी शार्प येतीया, दहापैकी सात वेळा. सहा वर्सं. कुणाला सांगू नका.

अनगोळ_नाका

करदंट उरलाय का?